शिडशिडीत धवळी

तळ्याकाठी अजून माणसांची वस्ती नव्हती, तेव्हाची गोष्ट. दर हिवाळ्यात तिथे उत्तरेकडून रानहंस उतरत आणि ऊन तापू लागलं की बर्फाचे डोंगर ओलांडून परत जात. निघण्याआधी भरपूर चरून सगळे गुबगुबीत होत.

करड्या हंसाच्या बायकोला, धवळीला, मात्र त्या वर्षी आपल्या सुटलेल्या अंगाची लाज वाटू लागली. काठावरच्या बारीक टिटव्या आपल्यालाच हसतात, असं तिच्या मनाने घेतलं. मुंगसाने तिला एक मुळी दिली.

"रोज खा. झाडपाल्याचं औषध, त्याने कसला अपाय?"

"पोट जड झालं की मीही खातो," म्हातारं कासव म्हणालं. "पण चिमूटभर, तेही एकदाच. रोज नको, पोरी."

धवळी रोज खात राहिली. तिला जुलाब होत, छाती धडधडे, पण अंग उतरलं.

"अगं, ही चरबीच आपली वाटेतली शिदोरी," करडा काकुळतीने म्हणाला.

"तुम्हाला माझं चांगलं बघवत नाही," ती म्हणाली.

थवा उडाला तेव्हा धवळी सगळ्यांच्या पुढे होती. डोंगर दिसू लागले आणि तिचे पंख लुळे पडले. करडा तिच्यामागोमाग खाली उतरला, तोवर ती गार पडली होती.

पुढच्या हिवाळ्यात तो एकटाच तळ्यावर आला. मुंगूस एका कोवळ्या हंसिणीला मुळी दाखवत होतं.

"गुण येतो का, ते या करड्यालाच विचार. इथून निघताना याची बायको कशी शिडशिडीत दिसत होती."