रिकामी टॉर्च

तुमच्या जन्माआधीची गोष्ट. सोपानच्या जीपमध्ये सीटखाली अडीअडचणीची पेटी असे. तिच्यात एक टॉर्च आणि एक जुनं घोंगडं राहत होतं.

एकदा घरचं घड्याळ बंद पडलं, म्हणून सोपानने टॉर्चमधले सेल काढून त्यात घातले. टॉर्च तशीच रिकामी पेटीत ठेवली आणि विसरला.

घोंगडं म्हणालं, "अगं बाई, रिकाम्या पोटी कुठे निघालीस? झाकण तरी वाजव, म्हणजे त्याला आठवेल."

"गप रे केसाळ्या! वाजवलं तर चारचौघांत माझी शोभा होईल. आणि मी लागतेय कुणाला?"

पौषात एका पहाटे घाटात धुकं दाटलं. नेमकी वळणावर जीप बंद पडली, दिवेही गेले. मागून ट्रकची घरघर येऊ लागली.

"बाबा, त्याला आपण दिसतोय का?" लहानग्या सुलीने विचारलं.

सोपानने टॉर्च तिच्या हातात दिली. "दाब, पोरी, दाब!"

सुलीने बटण दाबलं. पुन्हा दाबलं. टॉर्चने जिवाच्या आकांताने झाकण वाजवलं, पण आता वाजवून काय होणार?

सोपानने पोरीला घोंगड्यात गुंडाळून कडेच्या झुडपात उडी घेतली. मागे जीपचा चुराडा झाला.

घोंगड्यात सुली बटण दाबतच राहिली. घरी भिंतीवरचं घड्याळ मात्र अगदी बरोबर चाललं होतं.