करंजाची हरकत

रस्ता रुंद करण्याआधी झाडांनाही विचारायची रीत होती, त्या काळची ही गोष्ट. मोजणीदार हणमंतरावांची पोलादी फीत मोठी तोऱ्याची. बाजाररस्ता मोजून झाल्यावर ती कडेच्या करंजाला म्हणाली, "करंजबुवा, तुम्ही रस्त्यात येता. हरकत असेल तर आठ दिवसांत पेटीत टाका. नाहीतर कुऱ्हाड आहेच."

"माझी कसली हरकत, बाई?" करंज म्हणाला. "फक्त एकदा भर दुपारी मोजून बघ."

त्यात काय मोठंसं, म्हणत फीत चैत्राच्या उन्हात पसरली. तापून ती जराशी लांबली आणि तिचे आकडे चुकायला लागले. हणमंतरावांना तर चटकाच बसला. "आधी गार हो बघू," म्हणत त्यांनी तिला करंजाच्या सावलीत नेऊन ठेवलं. तिथे फुलवाली गजरे ओवत होती, दोन हमाल टेकले होते. थोड्या वेळाने फीत पुन्हा खरं बोलायला लागली.

आठव्या दिवशी पेटी उघडली. आत एकच चिठ्ठी होती: 'हे झाड गेलं, तर मला खरं मोजता येणार नाही.' खाली सही फितीची.

हणमंतरावांनी हसत हसत नकाशातली रेघ करंजाभोवती वळवली. नवा रस्ता चार हात जास्त भरला. सावलीत पसरलेली फीत म्हणाली, "आता माप बरोबर आलं."