मडगार्डवरची जागा

एका बाजारगावात एकदा एक वृद्ध कारागीर जुने ट्रॅक्टर दुरुस्त करून नव्यासारखे करून देत असे. सारे त्याला वस्ताद म्हणत. त्याच्या कारखान्यात एक रीत होती. शिष्याचे पहिले स्वतंत्र काम वस्तादांच्या पसंतीस उतरले, की चाक जॅकवर उचलून फिरवायचे आणि शिष्याने कुंचला स्थिर धरून रिमवर तांबडी रेघ उमटवायची. त्या दिवसापासून तो कारागीर.

एका शिष्याला ही रेघ फार हवी होती. मुलाच्या वरातीसाठी एका व्यापाऱ्याने वडिलांचा जुना ट्रॅक्टर आणला होता, आणि मागच्या रिमांचे काम वस्तादांनी याच्यावर सोपवले होते. त्याने टायर उतरवले, गंज खरवडला, प्रायमर देऊन चंदेरी रंग चढवला. टायर पुन्हा चढले, तेव्हा रिममध्ये तोंड दिसत होते.

रेघेच्या दिवशी त्याची आई डबा घेऊन आली. वस्ताद म्हणाले, "बरं झालं आलात, ताई. बसा मडगार्डवर. लेक तुम्हाला देवळाचा उतार उतरवून आणेल."

"या वयात माझी वरात काढता होय!" आई हसली आणि पदर खोचून चढू लागली.

शिष्याने तिचा हात धरला. "आई, नको."

"का रे?" वस्तादांनी विचारले.

त्याची नजर मागच्या रिमकडे गेली. वस्तादांनी पेचकस पुढे केला. शिष्याने हवेच्या नळीजवळची जागा न शोधता टोचली. रंगाखाली भरलेल्या लांबीचा, म्हणजे पुट्टीचा, ढलपा निघून आला. वजनासाठी टायरात वर्षानुवर्षे भरलेल्या पाण्याने तिथले लोखंड आतून खाल्ले होते, आणि त्याने ते बुजवून रंगवले होते.

"तुकडा कापून नवा जोडला असतास, तर वरात चुकली असती, तुझी रेघ लांबली असती," वस्ताद म्हणाले. "ते मला समजतं. पण दोष तुला ठाऊक होता. आई चढू लागली तेव्हा तो आठवला. परक्यांच्या लेकी इथंच बसणार होत्या, तेव्हा कसा नाही आठवला?"

रिम दुरुस्त झाल्याशिवाय ट्रॅक्टर वरातीला द्यायचा नाही, असे वस्तादांनी सांगताच व्यापारी भडकला. "अहो, वरात आहे, नांगरट नाही!" त्याने ट्रॅक्टर समोरच्या पेंटरकडे नेला. संध्याकाळपर्यंत लांबी भरून झाली, वर तांबडी रेघही आली.

वरातीत नवरदेवाच्या दोन भाच्या मडगार्डवर बसल्या. शिष्य हातात मोठा दगड घेऊन चाकाशेजारून चालत राहिला. उतारावर चाक गेलेच, तर पुढे टाकायला. "काम गेलं, पण जीव अडकलाय बघा रेघेत!" लोक हसले. चाकाला काही झाले नाही. सर्वांनी रंगाची वाहवा केली, आणि व्यापाऱ्याने पुढची सारी कामे समोरच्या पेंटरलाच दिली.

शिष्य परतला. "वस्ताद, रिम टिकली. मीच वेडा ठरलो."

"ठरलास," वस्ताद म्हणाले. "जे मोडलं नाही, त्याची भीती कुणाला दाखवता येत नाही. यापुढंही असंच होईल. आता सांग, उद्या पुन्हा वरात निघाली तर?"

शिष्याने दगड दाराशी हाताला येईल असा ठेवला, दुसऱ्या ट्रॅक्टरचे चाक आडवे पाडले आणि नळीजवळचे लोखंड बोटांनी चाचपू लागला.

तांबड्या रेघेविषयी त्याने पुन्हा कधी विचारले नाही.