घोटणवाडीचा पाठमोरा बाप

घोटणवाडीला भैरोबाच्या माळावर कुस्तीचा हौदा आहे आणि हौद्याच्या काठाला हा लांबट काळा दगड. जत्रेत ज्यांची कुस्ती लागते त्यांच्या बापांनी या दगडावर बसायचे, पण तोंड समोरच्या कड्याकडे आणि पाठ हौद्याकडे करून. पोराची कुस्ती बघायला आलेला बाप डोंगर बघत बसतो, म्हणून परगावचे पाहुणे हसतात. हसा खुशाल, पण आधी ऐकून घ्या.

फार मागे या गावात हैबती नावाचा पैलवान होता. त्याची पाठ उभ्या जन्मात मातीला लागली नाही, असे सांगतात. शेवटची कुस्ती मारल्यावर गुलालात न्हालेल्या हैबतीने भैरोबासमोर बेलभंडार उचलला आणि म्हणाला, "माझ्या घरातली पाठ मातीला लागल्याली ज्या दिवशी ह्या डोळ्यांनी बघीन, त्या दिवशी त्या कड्यावरनं उडी घीन." गावाने चांगभलं केले. हैबतीचा शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ, हे सगळ्यांना ठाऊक होते. त्याचा मुलगा राणोजी तेव्हा दोन वर्षांचा होता. त्याला कुणी विचारले नाही.

राणोजी तालमीत वाढला आणि अठराव्या वर्षी हौद्यात उतरला. पुढची अकरा वर्षे तो जिंकतच गेला. शड्डू ठोकला की दोन-तीन डावांत समोरचा चीत. लोक म्हणत, काय ही चपळाई, वाघाचं पोर वाघच. ती चपळाई नव्हती, घाई होती. प्रत्येक जत्रेच्या सकाळी तो देवळामागे जाऊन खाल्लेले ओकून टाकी, आणि माळावर आल्यावर आधी जोडीदाराकडे नाही, कड्याकडे बघे. बाप मात्र दर कुस्तीला या दगडावर मिशीला पीळ देत बसलेला असायचा.

एकदा त्याने धीर करून म्हटले, "आबा, म्या कुस्ती सोडतू."

"सोडलीस म्हंजी हरलासच की रं," हैबती म्हणाला, आणि सहज कड्याकडे बघितले. राणोजीने तो विषय पुन्हा काढला नाही.

बाराव्या वर्षीच्या जत्रेत पठारावरचा बिरा नावाचा धनगर पैलवान त्याच्याशी जोडीला आला. त्याला कसलीच घाई नव्हती. राणोजीचे ठेवणीतले डाव त्याने एकेक करून निरखले आणि सोडवले. दुपार कलली. राणोजीचा दम संपला तसा बिराने त्याला उचलून खाली घातले. राणोजीने टाळू आणि टाचा मातीत रोवल्या आणि मानेचा पूल करून पाठ तेवढी अधांतरी धरली. वर बिराचे सगळे वजन. हलगी थांबली. मानेतला कटकट आवाज काठावरच्या माणसांना ऐकू आला, असे सांगतात.

राणोजीला उलटे दिसत होते. उलटा कडा, उलटा दगड, त्यावर उलटा बाप. मान मोडली तर आपण जाऊ, पाठ टेकली तर आबा जाईल. मोडू दे मान, असे त्याने ठरवले. आणि तेवढ्यात बाप दगडावरून उठला.

आबा कड्याकडे निघाला, असेच राणोजीला वाटले.

हैबती निघाला नाही. त्याने पोराचे डोळे बघितले होते. अकरा वर्षे हे भय समोर होते, त्याला ते आज दिसले. तो जागच्या जागी वळला आणि हौद्याकडे पाठ करून पुन्हा दगडावर बसला.

"राणू," तो कड्याकडे तोंड करून मोठ्याने म्हणाला, "म्या काय बी बघत न्हाई, लेकरा. टेक पाठ."

राणोजीने पाठ टेकली. बिराने लगेच वजन काढले आणि हात देऊन त्याला उठवले. तरी भीती सरली नव्हती. तो दगडापाशी गेला, पण बापाच्या समोर जायचा धीर होईना. त्याने मागूनच मातीने भरलेला हात बापाच्या पाठीवर ठेवला. पाठ हलत होती. हैबतीचे तोंड त्या वेळी कसे होते ते गावातल्या कुणी पाहिलेले नाही.

"झाली कुस्ती?"

"झाली, आबा."

"मान हाय न्हवं जाग्यावर?"

"हाय."

"मग चल, भाकरी खाऊ."

कोण जिंकले ते हैबतीने मरेपर्यंत विचारले नाही. तो मेला म्हातारपणी, घरात, अंथरुणावर. डोळ्यांनी बघितलेच नाही तर शपथ मोडली कुठे, असे देवळाचा गुरव म्हणे, आणि भैरोबानेही कधी वेगळा कौल दिला नाही.

आजही घोटणवाडीच्या जत्रेत दोन्ही पैलवानांचे बाप या दगडावर शेजारी शेजारी बसतात, एकमेकांना तंबाखू मळून देतात आणि कडा बघतात. हलगी थांबली की तंबाखू मळणारा अंगठा थांबतो, पण मान कुणी वळवत नाही. कुस्ती संपल्यावर दोघे पोरगे येतात आणि आपापल्या बापाच्या पांढऱ्या सदऱ्यावर मातीचा पंजा उठवतात. मग दोन्ही बाप उठून घरी जायला निघतात. तुम्ही मागून कितीही निरखून बघा, कोणता पंजा जिंकलेल्याचा आणि कोणता हरलेल्याचा, ते ओळखू येत नाही.