मिठाच्या पिशवीवरची चिंधी

डोंगराच्या अगदी माथ्यावर एक गाव होतं, आणि त्या गावाला मीठ पुरवणारी एक बाई होती. सगळे तिला मीठवाली म्हणत. काळजी करायला तिला कारण लागत नसे. कारण सापडलं नाही, तर ते का सापडत नाही याची काळजी!

तिची एकुलती एक लेक खाली समुद्रकाठी, मिठागरावर दिली होती. जाऊन यायचं म्हणजे पाच दिवस. मीठ तिथूनच यायचं. आधी खाडीतून होडीने, मग बैलाच्या पाठीवर घाट चढून. पिशवीचं तोंड लेक आपल्या जुन्या लुगड्याच्या चिंधीने बांधायची. चिंधीला एक गाठ, म्हणजे ‘आई, मी बरी आहे.’

म्हणून मीठवाली दर आठवड्याला एकच छोटी पिशवी मागवायची.

“मावशी,” बैलवाला धापा टाकत म्हणायचा, “एकदाच चार बैल भरून आणतो की! गुडघे गेले माझे.”

“ताजं मीठ बरं असतं रे.”

“मीठ शिळं झालेलं ऐकलंय का कधी कुणी?”

मीठवाली तेवढ्यात चिंधी सोडवायची आणि हळूच कनवटीला खोचायची.

एका पावसाळ्यात घाटात दरड कोसळली. आठव्या दिवशी मीठ संपलं. लोक रिकाम्या वाट्या घेऊन दारात उभे राहिले. आमटी अळणी म्हणून मुलं ताटावरून उठू लागली, गुरं भिंती चाटू लागली. दरड उपसायला वीस दिवस लागले. वीस दिवस चिंधीही नाही.

वाट मोकळी झाली तसे पाटील दारात आले. “बाई, पुरे झाले आठवड्याचे लाड. आता वर्षाचं मीठ एकदम भरायचं. जमत नसेल तर हे काम दुसऱ्याला देतो.”

वर्षातून एकच चिंधी! पण दारातल्या त्या वाट्याही डोळ्यांपुढून हलेनात. माझ्या हौसेपायी गाव अळणी जेवलं, हे तिला टोचत राहिलं. दोन दिवस विचार करून ती चावडीवर गेली.

“चूक माझीच, पाटील. तीन महिन्यांचं मीठ मी रांजणांत भरून ठेवते. पण पिशवी दर आठवड्याला येत राहील. नवं मीठ रांजणात, जुनं वाटपाला. आणि दर तिसरी खेप आपल्या वाडीतल्या धनगरणीच्या शेळ्यांवरून, कड्यामागच्या वाटेने.”

“रांजण भरलेले असताना खेपा कशाला?”

“रांजण कधीतरी संपणारच. तेव्हा वाट शोधत बसायचं का? ती आधीच पायाखालची हवी.”

पाटील मिशीत हसले. “आणि चिंध्या?”

“त्याही हव्यात,” ती म्हणाली, आणि तिचे कान लाल झाले. म्हणजे गावाला सगळं ठाऊक होतं तर!

पुढच्या वर्षी लेकीला दिवस गेले. बाळ सुखरूप झालं की दोन गाठी मारीन, असा तिचा निरोप आला. मीठवाली दिवस मोजू लागली. आणि नववा महिना लागला, तोच घाट पुन्हा कोसळला. या वेळी घाटाची अर्धी वाटच खाली गेली.

गावात कुणी धावपळ केली नाही. रांजणांची झाकणं उघडली, घरोघरी वाट्या भरल्या. त्याच सकाळी धनगरीण नेहमीच्या पायवाटेने शेळ्या घेऊन उतरली.

मीठवाली रोज कड्यापाशी जाऊन उभी राही. सहाव्या दिवशी घुंगरं वाजली. पहिल्याच शेळीच्या पाठीवर पिशवी होती. पिशवीला चिंधी. चिंधीला दोन गाठी.

त्या खेपेच्या मिठाची गावाला गरजच नव्हती. मीठवालीने मात्र पिशवी उराशी धरली ती सोडेचना.

“अगं, मुलगा की मुलगी?” तिने धनगरणीला विचारलं.

“ते गाठीत कुठं कळतंय, बाई? मी धक्क्यावर पोचले तर पिशवी ठेवून होडी ओहोटीबरोबर निघून गेलेली.”

मीठवालीने डोळे पुसले. नवं मीठ रांजणात ओतलं, जुनं वाटपाला काढलं आणि रिकामी पिशवी धनगरणीच्या हातात दिली.

“पुढच्या आठवड्यात तेवढं विचारून ये.”

तात्पर्य: घरात साठा असला की वाईट दिवस निभावता येतात, आणि दुसरी वाट रुळलेली असली की आपल्या माणसांपर्यंत पोचता येतं. दोन्हींची सोय चांगल्या दिवसांतच करून ठेवावी.