नदीकाठी

“मग मी जाऊच नये, असंच ना महाराज?”

अच्युत हात जोडून उभा होता. अंगावर भगवी छाटी, चेहरा निश्चल. डोंगरापलीकडून रातोरात आलेला गडी निरोप सांगून, घोटभर पाणी पिऊन लगेच माघारी वळला होता. आईला घरघर लागलीय. डोळे दाराकडे लागलेत.

“घर सोडताना मी स्वतःचं पिंडदान केलं,” अच्युत म्हणाला. “आता कुठली आई?”

त्याला वाटलं, महाराज शाबासकीनं पाठीवर हात ठेवतील.

पूर्णगिरी महाराजांनी कोपऱ्यातली काठी उचलली.

“मला पलीकडे जायचंय. सोबत येतोस?”

पलीकडे त्याचंच गाव होतं. ही परीक्षा आहे, हे अच्युतनं ताडलं. आपण डगमगायचं नाही, असं मनाशी ठरवून तो निघाला.

पाऊस नुकताच ओसरला होता. पठारावर सोनकी पिवळीधमक फुललेली, पण वाट कुठेच दिसत नव्हती. पुरुषभर गवतात ती बुडून गेली होती. कारवीच्या रानात जळवा घोट्यांना चिकटत होत्या. महाराज सत्तरी ओलांडलेले, त्यात अनवाणी. तरी कुठे टेकले नाहीत. काठीनं गवत सारत पुढेच.

ऊन डोक्यावर आलं तेव्हा कातळातलं पाण्याचं टाकं लागलं. अच्युत थांबला.

“माझं ध्यान व्हायचंय.”

“नंतर कर.”

“नेम कधी चुकलेला नाही, महाराज.”

तो डोळे मिटून बसला. बराच वेळ बसला. मध्ये एकदा डोळे किलकिले केले, तर महाराज उभेच होते… कलत्या उन्हाकडे बघत.

खिंडीतून खाली उतरणारी घळ शेवाळानं निसरडी झाली होती. महाराज दोनदा आपटले. गुडघा फुटला, रक्त पोटरीवर ओघळलं. अच्युतनं आधाराला हात पुढे केला.

“चल,” एवढंच ते म्हणाले.

नदीवर पोचले तेव्हा लाकडं रचून झाली होती.

चार माणसं गुडघ्यांत मान घालून बसली होती. अच्युतचा मामा उठून समोर आला.

“दुपार टळेपर्यंत जीव होता रे तिच्यात.”

मामानं बाजूला बसलेल्या न्हाव्याकडे हात केला.

“बस आता. न्हावी खोळंबलाय. दिवस मावळायच्या आत अग्नी द्यायला हवा.”

अच्युतनं हात जोडले.

“संन्याशाला तो अधिकार नाही, मामा.”

मामा त्याच्या तोंडाकडे बघत राहिला.

महाराज पुढे झाले आणि न्हाव्यासमोर जाऊन बसले. डोक्यावरचा बुचडा सोडला. कमरेखाली रुळणाऱ्या त्या जटांना उभ्या हयातीत लोखंड लागलं नव्हतं. रोज पहाटे अच्युत त्या धुवायचा. त्यांना हात लावायचा मान मठात दुसऱ्या कुणाला नव्हता.

न्हाव्याचा हात थबकला.

“चालव,” महाराज म्हणाले.

पहिली जट चिखलात पडली. मग दुसरी.

“नको, महाराज!”

अच्युत धावत आला. चिखलातली जट उचलून त्यानं छातीशी धरली आणि तो ओक्साबोक्शी रडू लागला.

“उठा तुम्ही. उठा! मी बसतो… मी देतो अग्नी.”

महाराजांनी हातानं न्हाव्याला थांबवलं. त्यांचं अर्धं डोकं उघडं पडलं होतं. मागे सरणावर अच्युतची आई होती. तिच्याकडे त्यानं अजून वळूनही पाहिलं नव्हतं.

“बस, बाबा,” महाराज म्हणाले. “पण हे रडू तिचं आहे… की या जटेचं?”