दगड झालेले शब्द

एका राज्यात सांत्वनाचे शब्द दगड होऊन पडत असत. कोणी रडणाऱ्याला म्हणाले, "आवर आता," की मुठीएवढा धोंडा त्याच्या पुढ्यात पडे. कोणी म्हणाले, "होईल सगळे ठीक," की पाट्याएवढा पडे. कितीकांची डोकी फुटली, कितीकांचे हात मोडले. पुढेपुढे लोक शहाणे झाले आणि दुःखी माणसाशी बोलेनासे झाले. ज्याच्या घरी मृत्यू होई त्याच्या दारावरून शेजारी मान खाली घालून जात.

हे असे झाले त्याला कारण होते. तिथला राजा भद्रसेन न्यायी होता, पण उतावळा होता. तमालिनी नावाची एक जादूगारीण एकदा भर दरबारात आली. तिचा मुलगा नदीच्या पुरात वाहून गेला होता. ती काही मागायला आली नव्हती, फक्त सांगायला आली होती. तिचे दुसरे वाक्य पुरे व्हायच्या आत राजा म्हणाला, "बाई, शोक आवर. गेलेला परत येत नाही. तू तरुण आहेस, तुला दुसरे मूल होईल." आणि त्याने पुढच्या फिर्यादीला हाक मारली.

तमालिनी म्हणाली, "राजा, मला गप्प करायला तू शब्द फेकलेस. तुझ्या राज्यात असे फेकलेले शब्द यापुढे दगडच होतील." एवढे बोलून ती डोंगरापलीकडे निघून गेली.

मग राजाचा धाकटा मुलगा तापाने गेला. राणी रेणुप्रभा खिडकीशी बसली ती उठेना. अन्न तिच्या घशाखाली उतरेना. राजा दाराबाहेर येऊन उभा राही आणि तसाच परत जाई. दासी ताट ठेवून पळत.

राणीला एक मोठी मुलगी होती, मंजुघोषा. तिच्यासारखे बोलणारे राज्यात कोणी नव्हते. परदेशचे दूत तिच्याशी वाद घालायला येत आणि हरून जात. तिला वाटले, आपण बोललो तर आईचे मन वळेल. ती आत गेली आणि म्हणाली, "आईसाहेब, किती काळ अशा बसणार? धाकट्याला हे आवडले असते का? आमच्याकडे बघा, मन घट्ट करा."

काळा दगड पडला तो राणीच्या पावलावर. हाड मोडले. राणी ओरडलीसुद्धा नाही. तिने फक्त तोंड भिंतीकडे वळवले.

ते पाहून मंजुघोषा महालाबाहेर पडली आणि डोंगराची वाट चालू लागली.

तमालिनीचे घर एका सुळक्याच्या पोटात होते. दार बंद होते. आतून आवाज आला, "काय हवे?"

"शाप मागे घे. माझी आई मरते आहे."

"तीन कामे आहेत. खालच्या रानात एक धनेश पक्षी आहे, त्याला बोलता कर. खिंडीत एक यक्ष आहे, त्याला बोलता कर. तिसरे काम नंतर सांगेन."

मंजुघोषेला कामे सोपी वाटली. बोलणे हाच तर तिचा हातखंडा होता.

रानात एका वठलेल्या उंबरावर धनेश बसला होता. त्याची मादी शिकाऱ्याच्या बाणाने मेली होती. मंजुघोषा खालून म्हणाली, "धनेशा, रान मोठे आहे. तुला दुसरी जोडीदारीण मिळेल."

दगड पडला आणि फांदी काडकन मोडली. धनेश वरच्या फांदीवर जाऊन बसला. मंजुघोषेने दुसरे वाक्य जुळवले, तिसरे जुळवले. तिसऱ्या दगडाने तिचाच खांदा सोलवटला. मग तिच्याजवळ वाक्येच उरली नाहीत. ती झाडाला टेकून बसली आणि खांद्यावरचे रक्त पुसत राहिली. ऊन चढले, ऊन उतरले. ती उठून गेली नाही.

बऱ्याच वेळाने ती म्हणाली, "ती कशी होती?"

दगड पडला नाही. धनेशाने मान वाकडी करून खाली पाहिले. "भांडखोर होती," तो म्हणाला. "मी आणलेली फळे ढोलीबाहेर फेकायची. म्हणायची, पिकलेली आण." मग तो सांगत गेला आणि मंजुघोषा ऐकत गेली. सांगून झाल्यावर त्याने चोच पिसांत खुपसली आणि तो झोपी गेला. मादी गेल्यापासून तो झोपला नव्हता.

खिंडीतला यक्ष सोन्याच्या राशीवर बसून रडत होता. ते धन शापित होते. जो त्यातले नाणे उचली त्याचे कान कायमचे बंद होत. मंजुघोषेने सोन्याकडे पाहिले नाही. ती समोर बसली आणि म्हणाली, "यक्षा, काय झाले?"

"माझा भाऊ," यक्ष म्हणाला. "या राशीवरून आम्ही भांडलो. मी त्याला वाटेल ते बोललो. तो बर्फात निघून गेला आणि..."

"माझाही भाऊ गेला," मंजुघोषा म्हणाली. "ताप आला होता. मी त्याच्या उशाशी होते. माझे दुःख तर..."

धप्पकन दगड पडला. यक्षाने ओठ मिटले.

मंजुघोषा दगडाकडे बघत राहिली. ती तर खरे बोलली होती, मनापासून बोलली होती. मग तिला उमगले की यक्षाच्या तोंडचा घास आपण काढून घेतला. तिने हात जोडले.

"मी तुझे बोलणे तोडले. चूक झाली. तो बर्फात निघून गेला, आणि पुढे?"

तिने घाई केली नाही. "आणि मी त्याला हाक मारली नाही," तो शेवटी म्हणाला. "हाक घशात आली होती. लोक इथे येतात, सोन्याचे विचारतात. भावाचे कोणी विचारत नाही."

तो बोलत राहिला. 'तुझा काय दोष?' हे शब्द मंजुघोषेच्या ओठांवर अनेकदा आले. तिने ते गिळले. तिने शिदोरी सोडली, अर्धी भाकर त्याच्या हातावर ठेवली, आणि दोघांनी न बोलता खाल्ली.

ती परत आली तेव्हा सुळक्यातले दार किलकिले होते. तमालिनी म्हणाली, "तिसरे काम. तुझ्या बापाला इथे आण. पण काय बोलायचे ते त्याला शिकवायचे नाही."

बाप कसा बोलतो ते मंजुघोषेला ठाऊक होते. तरी ती घरी गेली आणि म्हणाली, "तात, तमालिनीने तुम्हाला बोलावले आहे." राजाने कारण विचारले नाही. तो पायी निघाला.

दारात तमालिनी उभी होती. राजाने तिच्याकडे पाहिले. सवयीने त्याने घसा खाकरला, छाती पुढे केली, आणि मग त्याचा आवाजच फुटेना. शेजारी मंजुघोषेने पदराचे टोक दातांत धरले. एक शब्द सुचवला असता तर पुरे होते. तिने तो सुचवला नाही.

राजा खाली, मातीत बसला.

"मी तुला त्याचे नावही विचारले नाही," तो म्हणाला.

"शुभांक," तमालिनी म्हणाली.

"शुभांक केवढा होता?"

तमालिनी उंबऱ्यावर बसली. शुभांक चालायला उशिरा शिकला, पण पोहायला लवकर शिकला. आई रागावली की तो तिच्या मंत्रांची नक्कल करी. पुराच्या दिवशी वासरू नदीत पडले म्हणून त्याने उडी घेतली. वासरू वाचले. सांगता सांगता ती मोठ्याने रडू लागली. राजाने तिला थांबवले नाही. तिचे रडणे सरेपर्यंत तो बसून राहिला.

"हे व्हायला नको होते," तो म्हणाला. "आणि त्या दिवशी मी तसे बोलायला नको होते."

दगड पडला नाही. त्याच क्षणी राज्यातल्या अंगणांत, ओसऱ्यांवर, बाजारात पडलेले ते सगळे दगड माती होऊन विरले. शाप संपला. शेजारी शेजाऱ्यांकडे पुन्हा जाऊ लागले, आधी बिचकत, मग नेहमीसारखे.

मंजुघोषा राणीच्या दालनात गेली. ती आईच्या पायांशी बसली आणि मोडलेले पाऊल तिने मांडीवर घेतले. काही बोलली नाही. दुपारी केव्हातरी राणीने पेजेची वाटी मागून घेतली. पेज पिता पिता ती धाकट्याबद्दल बोलू लागली.

राजा दारात येऊन उभा होता. राणीने त्याला पाहिले.

"आत या," ती म्हणाली. "तुमचे कसे चालले आहे?"

इतक्या काळात हे त्याला कोणी विचारले नव्हते. राजा तिच्याजवळ बसला, आणि मुलगा गेल्यापासून पहिल्यांदा रडला. राणीने त्याच्या पाठीवर हात ठेवला. दरबारी बाहेर ताटकळले होते. त्यांना मंजुघोषेने बाहेर येऊन हलकेच सांगितले, "आज महाराज येणार नाहीत."